शनिवार-रविवारच्या राजकीय चर्चा: माणसं कमी, वेळ जास्त हवा

माळरान | रविवार, रात्री ९.५०

रविवारचा राजकीय कार्यक्रम हा रोज संध्याकाळच्या चर्चेपेक्षा वेगळा प्रकार आहे आणि तो वेगळाच राहायला हवा, हे मांडण्यासाठी हा धागा काढतोय.

रोजच्या चर्चेचं गणित सगळ्यांना माहीत आहे. सकाळी एक नेता कॅमेऱ्यांसमोर काहीतरी बोलतो, दुपारपर्यंत दुसऱ्या पक्षातून त्याला उत्तर येतं, आणि संध्याकाळी दोघांचे प्रवक्ते चौकटींत बसून तेच पुन्हा बोलतात. त्यात तयारीला वेळ नाही, हे मी मान्य करतो. पण आठवड्यातून एकदाच होणाऱ्या कार्यक्रमाला मधले सगळे दिवस मिळतात. त्या दिवसांत जुनी भाषणं काढता येतात, विधिमंडळातली उत्तरं वाचता येतात, शासन निर्णय तपासता येतात. एवढं हाताशी असूनही आपल्याकडे रविवारी तेच सहा चेहरे, तीच आरडाओरड आणि तोच 'एका वाक्यात सांगा, ब्रेकची वेळ झाली आहे' असतो.

आपल्याकडे हे नेहमी असंच होतं असं नाही. एनडीटीव्हीवर 'द बिग फाइट'मध्ये मोजके पाहुणे समोरासमोर असायचे, 'वी द पीपल'मध्ये प्रेक्षक असायचे. सीएनएन-आयबीएनवर करण थापर यांचा 'डेव्हिल्स ॲडव्होकेट' होता, एक पाहुणा आणि एक प्रश्नकर्ता. ऑक्टोबर २००७ मध्ये गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी त्यात आले आणि तीनेक मिनिटांत माइक काढून उठले. थापरांनी २००२ च्या दंगलींबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 'आधुनिक नीरो' असे शब्द वापरले होते, ते वाचून दाखवले आणि खेद व्यक्त करायला काय हरकत आहे असं विचारलं. मोदींनी पाणी मागितलं, आपली मैत्री टिकू दे म्हणाले आणि मुलाखत तिथेच थांबली. थापरांचा सूर कोणाला आवडेल, कोणाला नाही. पण त्या प्रश्नामागे न्यायालयाची नोंद होती. समोर पाच प्रवक्ते असते तर तोच प्रश्न गलक्यात विरून गेला असता आणि कोणालाच उठायची गरज पडली नसती.

मराठीत आयबीएन-लोकमतवर निखिल वागळे यांची 'ग्रेट भेट' होती, एबीपी माझावर 'माझा कट्टा' आहे. कट्ट्यावर लेखक, गायक, खेळाडू आले की मी आवर्जून बघतो. राजकारणी आला की मात्र बालपण, संघर्ष, आवडती कविता यांत वेळ जातो, आणि खात्याचा प्रश्न आला की गप्पांच्या ओघात तो हळूच सुटतो. दोन्हीसाठी एकच बैठक चालणार नाही असं माझं मत आहे.

मला हवा तो आराखडा असा: एक पाहुणा, एकच विषय, पाऊण तास ते तासभर, आणि पाहुणा पूर्वी काय बोलला ते पडद्यावर. तुमच्या पाहण्यातले इकडचे-तिकडचे कार्यक्रम सांगा. काय चालतं, काय चालत नाही?

---

जर्सीकर | रविवार, रात्री ११.१५

माळरान, तुम्ही सांगताय तो साचा इथे अमेरिकेत फार जुना आहे. एनबीसीवरचा 'मीट द प्रेस' ६ नोव्हेंबर १९४७ ला टीव्हीवर आला आणि आजही चालू आहे. सुरुवातीला तो म्हणजे छोटी पत्रकार परिषदच होती: एक पाहुणा आणि समोर पत्रकारांची फळी. सीबीएसचा 'फेस द नेशन' १९५४ चा, एबीसीचा 'धिस वीक' १९८१ चा. सगळे रविवारी सकाळी. रविवारी बाकी बातम्या कमी असतात, त्यामुळे मंत्री सकाळी टीव्हीवर जे बोलतो ते सोमवारच्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतं. राजकारण्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते येतात.

'मीट द प्रेस'ची सूत्रं १९९१ मध्ये टिम रसर्ट यांच्याकडे आली, पुढच्या वर्षी कार्यक्रम अर्ध्या तासाचा तासभर झाला. रसर्ट शिक्षणाने वकील, आधी सिनेटर मॉयनिहन आणि गव्हर्नर क्युओमो यांच्याकडे काम केलेले. त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. 'तुम्ही अमुक साली असं म्हणाला होतात' एवढं बोलून ते थांबायचे. पडद्यावर पाहुण्याचे शब्द तारखेसकट यायचे, रसर्ट ते सावकाश मोठ्याने वाचायचे. पाहुण्याला स्वतःचंच वाक्य प्रेक्षकांबरोबर ऐकत बसावं लागायचं. मग प्रश्न: तेव्हाचं खरं की आताचं? आवाज चढवायची गरजच नाही. जून २००८ मध्ये ते अचानक गेले, त्यानंतर तो दबदबा मला पुन्हा दिसला नाही.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ८ सप्टेंबर २००२ च्या रविवारी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने इराक अणुबॉम्बसाठी ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळवायच्या खटपटीत असल्याची बातमी छापली. ती सरकारी सूत्रांवरच उभी होती. त्याच सकाळी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी रसर्ट यांच्यासमोर बसले आणि त्याच बातमीचा दाखला देऊन युद्धाची बाजू मांडली. सरकारने बातमी पुरवायची आणि सरकारनेच तिचा हवाला द्यायचा! पुढे २००७ मध्ये चेनींचे माजी प्रमुख सहायक लिबी यांच्यावरच्या खटल्यात चेनींच्या माध्यम अधिकाऱ्यांची टिपणं बाहेर आली. त्यात या कार्यक्रमाच्या नावापुढे 'संदेशावर आपला ताबा राहतो' अशा अर्थाची नोंद होती. म्हणजे एक पाहुणा, भरपूर वेळ, तयारीचा प्रश्नकर्ता, सगळं असूनही सत्ताधाऱ्यांना तीच जागा सोयीची वाटत होती. हे विसरून चालणार नाही.

---

आठवडीबाजार | सोमवार, सकाळी ७.०५

जर्सीकर, प्रतिसाद आवडला. एक विचारायचं होतं. एकच नेता एकाच सकाळी सगळ्या वाहिन्यांवर जातो, असं तिकडे होतं ना? मग वेगळं काय ऐकायला मिळतं?

---

जर्सीकर | सोमवार, सकाळी ७.४०

होतं, आणि त्याला नावही आहे. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या प्रकरणातल्या मोनिका लुइन्स्कीचे वकील विल्यम गिन्सबर्ग १ फेब्रुवारी १९९८ ला पाचही रविवारी कार्यक्रमांत दिसले, तेव्हापासून पाचही ठिकाणी हजेरी लावणं म्हणजे 'फुल गिन्सबर्ग'. सप्टेंबर २०१२ मध्ये लिबियातल्या बेनगाझी इथे अमेरिकी कार्यालयावर हल्ला झाला. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांतल्या अमेरिकेच्या राजदूत सुझन राइस अशाच पाचही ठिकाणी हल्ला उत्स्फूर्त निदर्शनांतून झाला अशी एकच मांडणी करून गेल्या, आणि ती मांडणी त्यांना पुढे फार महागात पडली.

उलट कधी कधी एकच मोकळं उत्तर सगळं हलवून जातं. मे २०१२ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष बायडन यांनी 'मीट द प्रेस'मध्ये समलिंगी विवाहाला आपली पूर्ण सहमती असल्याचं सांगून टाकलं. तीनच दिवसांत ओबामांना जाहीर पाठिंबा द्यावा लागला. लांब मुलाखतीत माणूस पाठ केलेल्या ओळींच्या पलीकडे जातो तो असा. दोन मिनिटांच्या बाईटमध्ये हे घडत नाही.

---

कोलोनकर | सोमवार, दुपारी २.२०

जर्मनीतला नमुना अगदी उलटा आहे. एआरडी या सार्वजनिक वाहिनीवर रविवारी दुपारी बाराच्या सुमारास 'प्रेसेक्लुब' लागतो. त्यात राजकारणीच नसतात! सूत्रधार आणि वेगवेगळ्या वर्तमानपत्रांचे, नियतकालिकांचे पत्रकार. आठवड्याचा एक विषय घेऊन पाऊण तास बोलतात. एकजण बोलत असताना बाकीचे खरोखर ऐकतात, मान डोलावतात, टिपणं घेतात. नंतर फिनिक्स वाहिनीवर प्रेक्षकांचे फोन घेतात आणि त्याच पत्रकारांना उत्तरं द्यावी लागतात. म्हणजे पत्रकारालाही जाब विचारला जातो. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

याच्या आधी त्याच वेळेला 'इंटरनॅशनल फ्र्यूशॉपेन' होता, १९५० च्या दशकापासून. पाच देशांतले सहा पत्रकार, टेबलावर व्हाइन, हवेत सिगारेटचा धूर. सूत्रधार वेर्नर ह्योफर. १९८७ मध्ये त्यांचं नाझी काळातलं लिखाण पुन्हा चव्हाट्यावर आलं. कार्लरोबर्ट क्रायटेन या तरुण पियानोवादकाला १९४३ मध्ये फाशी दिली गेली, तिचं समर्थन करणारा लेख ह्योफर यांच्या नावावर छापला होता. त्यांना जावं लागलं, आणि 'प्रेसेक्लुब' सुरू झाला. तीन दशकं रविवारी दुपारी देशाला राजकारण समजावणाऱ्या माणसाचाच हिशेब राहून गेला होता. माळरान, प्रश्नकर्ता कोण आहे, त्याची पूर्वीची भूमिका काय, हेही तुमच्या आराखड्यात धरा.

राजकारणी रविवारी रात्री येतात. आधी तिथे आन विल होत्या, २०२४ च्या जानेवारीपासून कारेन मिओस्गा आहेत. मिओस्गांच्या कार्यक्रमात बहुतेकदा आधी एकाच पाहुण्याशी सविस्तर बोलणं होतं आणि मग दोघे-तिघे टेबलाशी येऊन त्यावर बोलतात. मला ही जोडणी आवडते. पाहुण्याने काय उत्तर दिलं ते ताजं असतानाच जाणकार माणूस ते तपासतो. चेनींच्या वेळी असा कोणी शेजारी बसला असता तर?

---

टॉकबॅक | सोमवार, रात्री १०.३०

मी काही वर्षं एका वाहिनीच्या गेस्ट डेस्कवर, म्हणजे चर्चेला पाहुणे जमवणाऱ्या विभागात होतो. वाहिनीचं नाव घेणार नाही. बाहेरून दिसत नाही ते सांगतो.

दुपारी संपादकीय बैठकीत विषय ठरतो. त्यानंतर आमचे फोन सुरू. सत्ताधाऱ्यांचा एक, विरोधकांचे दोन, एक राजकीय विश्लेषक, एक 'तटस्थ'. विषयाचा अभ्यास असलेला माणूस सुचवला की पहिला प्रश्न यायचा, 'बोलतो कसा? चढून बोलतो का?' सिंचनावर ज्यांनी आयुष्यभर काम केलं अशा एका ज्येष्ठ अभियंत्यांचं नाव मी अनेकदा दिलं. ते सावकाश बोलतात म्हणून यादीतून कापलं जायचं. याची मला आजही चीड येते.

कार्यक्रम सुरू झाला की पीसीआरमधून, म्हणजे नियंत्रण कक्षातून, अँकरच्या कानात सतत आवाज असतो. 'याला थांबव, त्याच्याकडे जा. आता दोघांना भिडव. चौकट मोठी करतोय.' अँकर पाहुण्याचं उत्तर ऐकत नसतो, तो कानातलं ऐकत असतो. दुसरा प्रश्न पहिल्या उत्तरातून यायला हवा, तो येणार कसा?

हे असं का चालतं? कारण स्वस्त पडतं. एक बातमीदार आणि कॅमेरामन चार दिवस मेळघाटात पाठवायचा तर खर्च आहे. सहा जणांना घरून जोडून तास भरायला जवळजवळ काहीच लागत नाही. रविवारी तर निम्मा स्टाफ सुट्टीवर, त्यामुळे आठवड्याचाच साचा पुढे ढकलतात. साप्ताहिक कार्यक्रमाला लागतात ते दोन संशोधक आणि एक जुन्या फुटेजचं काम जाणणारा माणूस. ही तीन पदंच नसतात. माळरान यांचा आराखडा मला शंभर टक्के पटतो, पण आधी ही तीन पदं भरा, मग अँकर बदला.

---

ठाणे-ते-टेम्स | मंगळवार, रात्री १.१०

टॉकबॅक यांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. ब्रिटनमध्ये याच मुद्द्यावर एक अख्खा कार्यक्रम उभा राहिला होता. लंडन वीकेंड टेलिव्हिजनचा 'वीकेंड वर्ल्ड', १९७२ ते १९८८, रविवारी दुपारी. जॉन बर्ट आणि पीटर जे या त्याच्या कर्त्यांनी १९७५ मध्ये 'द टाइम्स'मध्ये लिहिलं होतं की टीव्हीच्या बातम्यांचा खरा कल कुठल्या पक्षाकडे नसतो, तो समजून घेण्याच्या विरोधात असतो. बातमी दिसते, तिची कारणं दिसत नाहीत.

म्हणून त्यांनी काय केलं? आधी विषय फोड करून समजावणारी फिल्म, मग एकाच नेत्याची लांब मुलाखत. मुलाखतीची तयारी झाडासारखी मांडायचे: पाहुणा 'हो' म्हणाला तर पुढचा प्रश्न हा, 'नाही' म्हणाला तर तो, टाळाटाळ केली तर तिसरा. ब्रायन वॉल्डन हे त्यांचे गाजलेले मुलाखतकार. स्वतः मजूर पक्षाचे माजी खासदार, आणि नंतर मार्गारेट थॅचर यांचे चाहते.

ऑक्टोबर १९८९ मध्ये अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी राजीनामा दिला आणि काही दिवसांतच थॅचर वॉल्डन यांच्यासमोर बसल्या (तेव्हा कार्यक्रम वॉल्डन यांच्या नावाने होता). थॅचर यांचे आर्थिक सल्लागार ॲलन वॉल्टर्स यांना काढलं असतं तर लॉसन राहिले असते का, एवढाच प्रश्न. थॅचर त्याला बगल देत राहिल्या, वॉल्डन पुन्हा पुन्हा तिथेच परत येत राहिले. चाहता असूनही सोडलं नाही. त्या मुलाखतीनंतर थॅचर यांच्याविषयी लोकांचं मत बदलायला लागलं असं इथले जाणते म्हणतात. साधारण वर्षभराने त्या पायउतार झाल्या, त्याला बाकी कारणं बरीच होती.

कोलोनकर, प्रश्नकर्त्याचं राजकारण माहीत असावं हे खरंच. पण माझ्या मते राजकारण असणं अडचणीचं नाही, प्रश्न अर्ध्यावर सोडणं अडचणीचं आहे.

---

मांडवी | मंगळवार, सकाळी ९.००

सगळ्यांचं वाचलं. एका गोष्टीवर माझा ठाम विरोध नोंदवते. या सगळ्या आराखड्यांत सामान्य माणूस कुठे आहे? एक नेता, एक पत्रकार, फार तर दोन जाणकार. दूरदर्शनने १९८५ मध्ये 'जनवाणी' केलं होतं, विनोद दुआ सूत्रधार. लोक थेट मंत्र्याला प्रश्न विचारायचे. सरकारी वाहिनीवर! 'वी द पीपल'मध्येही प्रेक्षकातला माणूस उठून बोलायचा. आमच्या गोव्यात खाणबंदीवर किती चर्चा झाल्या. त्यात ट्रकमालक, बार्जवर काम करणारे, शेतात लाल माती साचलेला शेतकरी यांना तीस सेकंदांचा बाईट मिळाला आणि स्टुडिओत मात्र प्रवक्ते.

पत्रकार वाक्यात पकडतो. ज्याच्या शेतात माती आली तो माणूस वेगळाच प्रश्न विचारतो, आणि त्याच्यासमोर मंत्र्याला आकडेवारी फेकून निसटता येत नाही.

---

माळरान | मंगळवार, दुपारी १.३०

मांडवी, तुमच्या मुद्द्याचं वजन मला कळतं, तरी पूर्ण पटत नाही. प्रेक्षक आले की टाळ्या येतात. 'आप की अदालत' १९९३ पासून चालू आहे, कटघरा आहे, न्यायाधीश आहे, भरगच्च प्रेक्षक आहेत. पाहुणा एक फर्डा टोला हाणतो, टाळ्या पडतात आणि प्रश्न तिथेच संपतो. आरोपी म्हणून बसवलेला माणूस दर वेळी आणखी लोकप्रिय होऊन बाहेर पडतो. शिवाय प्रेक्षकातल्या माणसाला उलटप्रश्न विचारायची संधी मिळत नाही, माइक पुढे जातो. मंत्र्याला एवढंच हवं असतं.

टॉकबॅक, तुमची तीन पदं मी मूळ आराखड्यात सगळ्यात वर घेतो. आणि त्या अभियंत्यांसारखी माणसं सावकाश बोलतात, म्हणूनच तर रविवार हवा.

---

पन्हाळी | मंगळवार, रात्री ८.४५

आमच्या भागातलं उदाहरण देतो, म्हणजे तयारी म्हणजे काय ते नेमकं कळेल.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. त्यानुसार ऊस तुटून गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची, नाहीतर थकलेल्या रकमेवर वर्षाला १५ टक्के व्याज. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत द्यायचा निर्णय काढला. शेतकरी संघटना कोर्टात गेली, आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दरवर्षी हंगाम आला की टीव्हीवर ऊसदराची चर्चा होते. एका बाजूला संघटनेचे नेते, दुसऱ्या बाजूला कारखानदार, मध्ये अँकर. 'शेतकऱ्यांच्या घामाचं दाम' असा मथळा आणि पाऊण तास हमरीतुमरी.

आता हाच विषय रविवारचा घ्या. पाहुणा एकच: कारखान्याचा अध्यक्ष असलेला आमदार. असे आपल्याकडे भरपूर आहेत. प्रश्न एवढाच, 'मागच्या हंगामात तुमच्या कारखान्याने किती दिवसांनी पैसे दिले? उशीर झाला असेल तर १५ टक्क्यांप्रमाणे व्याज किती दिलं? पावती दाखवा.' तो म्हणेल, साखरेला उठाव नव्हता. मग पुढचा प्रश्न, आदेशात उठावाची अट कुठे आहे? तो म्हणेल, बँकेने उचल दिली नाही. मग, जिल्हा बँकेवर संचालक कोण आहे? ठाणे-ते-टेम्स म्हणतात ते झाड हेच. साखर आयुक्तालयाकडे थकबाकीचे आकडे असतात, आठवडा हाताशी असेल तर सहज मिळतात. रोजच्या चर्चेत हा प्रश्न कोणी विचारलाच तर 'आधी तुमच्या नेत्याच्या कारखान्याचं बघा' म्हणून दुसरा प्रवक्ता मध्ये पडतो आणि अध्यक्ष सुटतो. एकटा बसवला की त्याला तसं म्हणता येत नाही.

---

आठवडीबाजार | मंगळवार, रात्री ९.२०

पन्हाळी, अगदी बरोबर. शहरातलंही एक घ्या. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसला. पुढची जवळजवळ चार वर्षं, जानेवारी २०२६ पर्यंत, निवडणूकच झाली नाही, एवढ्या मोठ्या शहराला एकही नगरसेवक नव्हता. पुण्यातही तेच. त्या काळात अंदाजपत्रक कोणाला विचारून मंजूर होत होतं, वॉर्डातला निधी कोण वाटत होतं, यावर नगरविकास खात्याच्या मंत्र्याला तासभर समोर बसवलेला रविवारचा कार्यक्रम माझ्या पाहण्यात नाही. फुटलेले आमदार, चिन्ह कोणाचं, यावर मात्र रात्री-रात्री चर्चा पाहिल्या.

---

मांडवी | बुधवार, सकाळी ८.१५

पन्हाळींचा प्रश्न वाचून सांगते, तो प्रश्न पत्रकाराला सुचला नाही. ज्याचा ऊस गेला आणि पैसे अडकले त्याला सुचला. माझं म्हणणं हेच आहे. माळरान, टाळ्यांचा तुमचा आक्षेप रास्त आहे, तर प्रेक्षागृह नको. पण प्रश्न ठरवताना त्या भागातली माणसं बसवा आणि कार्यक्रमात त्यांतला एकजण प्रश्नकर्त्याच्या शेजारी ठेवा, उलटप्रश्नाच्या हक्कासह. माइक त्याच्याकडेच राहील.

---

माळरान | बुधवार, दुपारी १२.४०

मांडवी, हे मान्य. शेजारची खुर्ची आणि उलटप्रश्नाचा हक्क, दोन्ही घेतो.

वाहिन्यांच्या संपादकांना पाठवायला एक पत्र लिहायला घेतलं आहे. त्यात सध्या असं आहे: एक पाहुणा, विषय चार दिवस आधी जाहीर, दोन संशोधक आणि फुटेजचा माणूस, जुनी विधानं तारखेसकट पडद्यावर, त्या विषयात पोळलेला एक नागरिक प्रश्नकर्त्याच्या शेजारी, शेवटची पंधरा मिनिटं विषयाच्या जाणकाराकडे, उत्तरं तपासायला, आणि कानात पीसीआरची सूचना फक्त वेळेपुरती. पन्हाळींचे व्याजाचे प्रश्न नमुना म्हणून जोडतोय. पाहुणा यायला नकार देईल तर खुर्ची रिकामी ठेवून तेच प्रश्न वाचावेत, असंही लिहू का? टॉकबॅक, आतून हे कितपत शक्य आहे?

---

टॉकबॅक | बुधवार, रात्री ११.०५

रिकाम्या खुर्चीचं लिहा, पण सोबत नकाराची तारीख आणि कोणाच्या कार्यालयातून नकार आला तेही वाचा, असं घाला. नुसत्या खुर्चीला नेते घाबरत नाहीत. लेखी नकार पडद्यावर आला तर पुढच्या वेळी त्यांचा पीए स्वतः फोन करतो, हे मी पाहिलं आहे. जाणकाराची पंधरा मिनिटं कार्यक्रमाच्या शेवटी ठेवू नका. शेवटी ठेवलं की जाहिराती वाढल्या त्या दिवशी तोच भाग कापला जातो. तिसाव्या मिनिटाला ठेवा, म्हणजे पाहुणा खुर्चीत असतानाच तपासणी होईल आणि उरलेली पंधरा मिनिटं त्याला तिचं उत्तर द्यावं लागेल.